बदलीचं पोर

"सतराशे किलोमीटर गाडीने? वेड लागलंय का? सामान ट्रकने जाऊ दे आणि तुम्ही सरळ विमानाने जा." आम्ही निघायच्या आधी घरातल्या निदान सहा जणांनी हे ऐकवलं. (त्यांतले चार जण हे वाचतील. वाचा, तुमच्यासाठीच लिहितेय!)

तर झालं असं. जावई लष्करात. कामठीची तीन वर्षं संपत आली आणि ऐन डिसेंबरात उधमपूरची ऑर्डर हातात पडली. नात आठवीत, वार्षिक परीक्षा तीन महिन्यांवर. मी लेकीला बांधाबांधीला मदत करायला म्हणून गेले होते. त्या काळ्या ट्रंका भरता भरता कधी गाडीत जाऊन बसले, कळलंच नाही. आता परत आल्यावर माझं मत पक्कं झालंय. बदली झाली की मुलांना शक्यतो रस्त्यानेच न्यावं.

विमानाने गेलं की सकाळी एका घरात डोळे उघडायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या घरात दिवे लावायचे. शरीर पोचतं हो, मन मागेच राहतं. रस्त्याचं तसं नसतं. नात शिवनीपर्यंत रडतच होती. मैत्रिणींनी दिलेलं सह्यांचं कार्ड मांडीवर, आणि आमच्याकडे पाठ. पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचललाय, खालून वाघ-चितळांना जाता यावं म्हणून. तिथे बाईसाहेबांनी पहिल्यांदा काचेला नाक लावलं. सागर, झाशी, ग्वाल्हेर... संत्र्यांची पिशवी हलकी होत गेली आणि अंगावरचे स्वेटर वाढत गेले. चंबळच्या घळी बघून तिने डाकूंच्या गोष्टी विचारल्या. आग्र्यापुढे धुकं असं की जावई पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे मुंगीच्या पावलांनी गाडी चालवत होते. अंबाल्यानंतर पाट्यांवर गुरुमुखी दिसायला लागली, तर ही वहीत अक्षरं उतरवून घ्यायला लागली. चौथ्या दिवशी जम्मूच्या पुढे डोंगर सुरू झाले, तेव्हा तिनेच आईला विचारलं, "नव्या शाळेचा युनिफॉर्म कसा असेल गं?" मला हाच प्रश्न हवा होता. तो यायला चार दिवस लागले. विमानाने दोन तासांत आला असता का?

गंमत म्हणजे कामठीजवळून जातो तो राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि उधमपूरला जातो तोही ४४च. कन्याकुमारी ते श्रीनगर हा एकच रस्ता. "आजी, म्हणजे इथून उलटं सरळ गेलं की आपलं जुनं घर?" तिला या गोष्टीचा फार आधार वाटला.

वाटेत पानिपत लागतं. मराठी माणूस तिथून न थांबता जाऊच शकत नाही. काला अंबच्या स्मारकापाशी गेलो आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. १४ जानेवारी १७६१, भाऊसाहेब, विश्वासराव, सगळं सांगून झालं. आणि सवयीने पुढचं वाक्यही तोंडून गेलं, की फौजेबरोबर बायकापोरं आणि यात्रेकरू नेले ही मोठी चूक, त्या बाजारबुणग्यांनी सैन्याची चाल अडली. वर्गात हे वाक्य मी इतक्या वर्षं म्हटलंय की झोपेतही म्हणेन. लेक शांतपणे म्हणाली, "म्हणजे आई, मी बाजारबुणगीच की."

काय उत्तर देणार? चाल अडली हे खोटं नाही. पण त्या बायकांनी वाटेत कसं भागवलं, पोरांना काय सांगितलं, हे मी कधी शिकवलं नाही, कारण कधी मनातच आलं नव्हतं. आजही आपण सव्वीस जानेवारीला जवानाला सलाम करतो आणि बरोबरच करतो. पण दर दोन-तीन वर्षांनी गॅसपासून डॉक्टरपर्यंत सगळं नव्याने शोधणारी बाई आणि दर खेपेला "नई लडकी" होणारी तिची पोर आपल्या हिशेबात कुठे असतात?

आता कबुलीच द्यायची तर पुरती देते. मी सातारा जिल्ह्यात शिकवायचे, जिथे घरटी एक फौजी. वडील सीमेवर गेले की मुलं गावी आजीकडे यायची आणि मध्येच आमच्या शाळेत दाखल व्हायची. सातवीत असाच एक मुलगा आला. हिंदी भागात वाढलेला. वहीत 'पाणी'चं 'पानी', 'फळ'चं 'फल'. मी लाल शाईने वही रंगवून टाकली आणि त्याला मागच्या बाकावर बसवलं. हा दोन वर्षांत जाणार, याच्यावर कशाला वेळ घालवा, हे तेव्हा मनात होतं. तो दीड वर्षातच गेला. त्याच्या वहीतला 'ण' अखेरपर्यंत चुकतच होता, आणि ती चूक त्याची नव्हती.

बदलीवाल्यांच्या मुलांसाठी सरकारने १९६३ पासून केंद्रीय विद्यालयं काढली, देशभर एकच अभ्यासक्रम. फार मोठी सोय आहे ती. गाडीचीही सोय झाली. पूर्वी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिलं की नवा नंबर, नवा कर. २०२१ साली बीएच मालिका आली, लष्करातल्या लोकांना ती घेता येते, मग नंबर बदलायला नको. पण धडा तोच असला तरी बाकावरची शेजारीण तीच नसते ना! म्हणून माझं म्हणणं, अगदी निकड नसेल तर ऑर्डर मार्चच्या आधी काढू नये. आणि निकड असेलच, तर वर्गशिक्षकाने त्या पोराला पुढच्या बाकावर, बोलक्या मुलीच्या शेजारी बसवावं. याला सरकारी आदेश लागत नाही. मलाही लागला नसता.

नातीच्या शेजारी गुवाहाटीहून आलेली मुलगी बसते. तीही महिन्याभरापूर्वीच आलेली. दोघी डबा वाटून खातात. आमच्या शेंगदाण्याच्या चटणीला तिने "ये तो बहुत अच्छा पाउडर है" म्हटलं म्हणे!

मी मात्र परत विमानाने आले. गुडघे...