अकरावीला तुम्ही गणित सोडता, पण गणित तुम्हाला सोडतं का?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा. पीसीएम, पीसीबी की चारही? त्यात एक उत्तर हमखास ऐकू येतं: "मला गणित नको, म्हणून मी बायो घेतोय."

अडचण अशी, की गणित हा विषय सोडता येतो, फिजिक्स सोडता येत नाही. राज्य मंडळाचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उघडून बघा. दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. सदिश, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन सगळं तिथेच. केमिस्ट्रीतही सुटका नाही. पीएच म्हणजे मुळात लॉगॅरिदम. बारावीत फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचं जे सूत्र शिकता, तेच फिजिक्समध्ये किरणोत्सारी ऱ्हासाला लागतं आणि बरीचशी औषधं शरीरातून किती वेळात कमी होतात, तेही त्याच सूत्राने काढतात. विषय तीन, सूत्र एक!

त्यात नीटच्या ७२० गुणांपैकी १८० गुण फिजिक्सचे. म्हणजे डॉक्टर व्हायचं म्हणून गणितापासून पळालात, तरी ते पुढे परीक्षा हॉलमध्ये बसलेलंच असतं.

संशोधनाकडे जायचं असेल तर हिशेब आणखी स्पष्ट आहे. पुण्यातल्या आयसरसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात आणि चारही विषयांचे प्रत्येकी १५. एक विषय सोडलेला असेल, तर ते १५ प्रश्न तुम्हाला बाहेरून अभ्यास करूनच सोडवावे लागतात.

व्यंकी रामकृष्णन यांचं बघा. बडोद्याला फिजिक्समध्ये बीएस्सी, अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएचडी. मग नव्याने विद्यार्थी होऊन ते बायोलॉजी शिकले. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ मध्ये नोबेल मिळालं, तेही केमिस्ट्रीचं. पुढे बायोलॉजी शिकून घेणं त्यांना जमलं. गणित सोडून बायोकडे गेलेल्याला उलटा प्रवास मात्र जास्त अवघड जातो.

मग सगळ्यांनी पीसीएमबी घ्यावं का? नाही. चार विषयांची प्रॅक्टिकल्स, जर्नल्स आणि वरून क्लास, हा भार सगळ्यांना झेपत नाही. मेडिकल की इंजिनिअरिंग हे खरंच ठरलेलं नसेल, तरच चारही ठेवा.

पीसीबी घेणार असाल, तर कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत लॉग, त्रिकोणमिती, आलेख वाचणं आणि डेरिव्हेटिव्हची तोंडओळख एवढं उरकून घ्या. पूर्ण गणिताची गरज नाही, फिजिक्सचा तो दुसरा धडा सावकाश, सगळी उदाहरणं सोडवत केलात तरी बरंच काम होतं. आणि क्लासची फी भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: पीसीबीच्या बॅचला एवढं गणित कोण शिकवणार आहे?