प्लॅन काढण्याआधी राहणाऱ्याला विचारा



ऊसतोड कामगारांसाठी गाडीतळावर पक्क्या खोल्या बांधाव्यात, हा विषय अलीकडे बऱ्याच कारखान्यांत निघतो. आपल्या सभासदांतही त्याची चर्चा चालते. खोल्या बांधू नयेत असे म्हणणारा मी नव्हे. अवकाळी पावसात लेकरं पोटाशी धरून कोपीत बसलेली माणसं ज्याने पाहिली, तो असं कधी म्हणायचा नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या खोलीत जो राहणार आहे त्याला आधी विचारावं आणि मग इंजिनिअर साहेबांनी कागदावर रेघ मारावी. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. ती केली नाही तर काय होतं आणि केली तर काय होतं, हे दोन्ही आपल्याच राज्यात एकाच संकटानंतर दिसून आलं आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेली गावं पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीच्या भूकंपात गाडली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपापेक्षा घरांनी माणसं मारली, असं तेव्हा लोक बोलत, आणि ते खरंच होतं. दोन-दोन फूट आणि त्याहून रुंद दगडमातीच्या भिंती, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा; दोन्हींना धरून ठेवणारा आरपार लांब दगड नाही. वर माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती टाकायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चालल्यानं ओझं वाढत गेलेलं. पण तेच माळवद मराठवाड्याच्या उन्हात घर थंड ठेवत होतं, आणि कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खण-खांबांचा सांगाडा उभाच राहिला, हेही इंजिनिअर लोकांनी नोंदवलं आहे. म्हणजे जुनं सगळंच टाकाऊ नव्हतं. त्यातलं काय धोक्याचं आणि काय कामाचं, हे निवडायला हवं होतं.

त्या घाईत ही निवड सगळीकडे झाली नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या मानानं घरं दिली: २५० चौरस फूट, ४०० चौरस फूट आणि ७५० चौरस फूट. सरकारनं आणि देणगीदार संस्थांनी मोठं काम केलं, ते नाकारणं कृतघ्नपणा होईल. त्या रात्रीनंतर लोकांनीच दगडाचं नाव नको म्हटलं होतं, हेही विसरून चालणार नाही. पण बऱ्याच ठिकाणी गावाचा नकाशा निघाला तो शहरातल्या कॉलनीसारखा. सरळ रस्ते, सरळ ओळी, प्रत्येक घराचं दार रस्त्यावर. जनावर कुठं बांधायचं? कडबा कुठं रचायचा? धान्याची पोती, औतफाट्याचं सामान, उकिरडा? वाड्याच्या अंगणात बायकांना चार घटका निवांत बसता येत होतं, ते अंगणच गेलं. भावकीची घरं लांब-लांब पडली. काही गावांत शेतावर जायला वाट वाढली. सिमेंटच्या छताखाली उन्हाळ्यात दुपारी बसवेना. मग लोकांनी काय केलं? घराच्या पुढं-मागं पत्रे टाकले, कूड घातले, आणि जे नकाशात नव्हतं ते आपल्या हातानं उभं केलं. काही जणांनी पक्क्या खोलीत धान्य भरलं आणि आपण बाहेर पत्र्याखाली झोपू लागले. एवढ्या पैशाचं घर आणि त्याची कोठी झाली! ते घर भूकंपाला टिकेल, पण माणसाच्या दिवसभराच्या कामाला पुरत नाही.

दुसरी बाजूही तिथलीच. जी गावं पूर्ण पडली नव्हती, अशा हजारावर गावांत घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करण्याचं काम झालं. अनुदान हप्त्यानं घरमालकाच्या हाती, काम त्याच्या देखरेखीखाली, सल्ला इंजिनिअरचा. शासनानं ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला बरोबर घेतलं आणि गावोगाव ‘संवाद सहायक’ नेमले. त्यात गावच्याच बायका मोठ्या संख्येनं होत्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा, पट्टा कुठून फिरवायचा, माळवदावरची माती किती कमी करायची, हे त्या बायकांनी समजून घेतलं आणि शेजारणीला तिच्या भाषेत समजावलं. साहेबाला जे सांगायला लोक बुजतात ते बाईपाशी बोलले. घर मालकाचंच राहिलं, फक्त त्याच्या भिंतीला बळ आलं. माझ्या मते त्या साऱ्या पुनर्वसनातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट ही आहे, आणि नेमकी तिच्याविषयी सर्वात कमी बोललं जातं.

कोणी म्हणेल, विचारत बसलं की खर्च वाढतो. केरळात लॉरी बेकर नावाचे वास्तुशास्त्रज्ञ होऊन गेले (१९१७ ते २००७). जन्मानं इंग्रज, १९८९ साली भारताचे नागरिक झाले. घराला लागणारा माल पाच मैलांच्या आतला असावा, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरला. गिऱ्हाईक गरीब असो की श्रीमंत, तो कसा राहतो हे आधी ऐकायचं आणि मग बांधायचं, ही त्यांची रीत. विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडणारी भिंत ते बांधत. तिला विटा सुमारे चौथाईनं कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊनही आत कमी येतं. स्लॅबमधे खालच्या अंगाला, जिथं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं, तिथं ते जुनी मंगलोरी कौलं भरत. खर्च कमी, ओझंही कमी. आपल्या भागात वीटभट्ट्या आहेत, गवंडी आहेत. हे काम न शिकता येण्यासारखं नाही.

आता गाडीतळाकडे या. गाडीवानाला बैल दारापुढं हवा. रात्री उठून त्याच्यापुढं वैरण टाकायची असते आणि त्याच्यावर लक्षही ठेवायचं असतं. बैलांना लांब गोठा बांधला, तर गाडीवान गोठ्यातच झोपेल आणि खोली रिकामी राहील. वाढे रचायला जागा हवी, ती चुलीपासून दूर. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते. चूल कोंदट खोलीत दिली तर धुरानं ती पुन्हा चूल बाहेरच मांडणार, पावसात मात्र तिची पंचाईत. संडास तळाच्या टोकाला, अंधारात बांधला, तर तिथं कोणी जाणार नाही, बायका तर नाहीच. न्हाणीला आडोसा कसा हवा हे आपल्याला ठरवता येणार नाही, त्यांनाच विचारावं लागेल. टोळी एकाच गावची असते, तिला एकत्र राहायचं असतं. खोल्यांची एक लांब रांग करायची, की चार-सहा खोल्यांच्या मधे अंगण ठेवायचं, हा फरक कागदावर छोटा दिसतो. पत्र्याचं छप्पर फेब्रुवारी-मार्चात तापतं, तेव्हा कौल किंवा दुसरं काही परवडतं का ते पाहावं. आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या तर गाडीतळावर राहतच नाहीत, त्या गावोगाव आपल्याच फडाजवळ उतरतात. त्यांच्यासाठी कारखान्यावर खोल्या बांधून उपयोग काय? त्यांना आपल्या गावात पाणी, आडोसा आणि दिवा मिळाला तर जास्त भागेल, आणि ते काम संचालक मंडळाइतकंच आपलं, सभासदांचं आहे.

मुकादमाला विचारलं म्हणजे झालं, असंही समजू नये. मुकादम उचलीचा हिशेब सांगेल, पण चुलीचा त्याला काय ठाऊक? कोयत्याच्या जोडीतल्या बाईशी बोलायला बाईच पाठवली पाहिजे. आधी चार-सहा खोल्या बांधाव्यात, एक हंगाम त्यात माणसं राहू द्यावीत, त्यांनी काय-काय बदललं ते पाहावं, आणि मगच पुढच्या खोल्यांना हात घालावा.

यात अडचण एकच, पण मोठी. बांधकामाचे विषय आपल्याकडे निघतात ते पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात, आणि तोवर टोळ्या आपापल्या गावी गेलेल्या असतात. गाडीतळ मोकळा पडतो, विचारायला माणूसच नसतो, आणि इंजिनिअर मोकळ्या जागेकडे बघून प्लॅन काढतो. म्हणून हे काम गव्हाण चालू असताना व्हावं. शेतकी खात्याचे लोक रोज टोळ्यांकडे जातातच; त्यांच्याबरोबर एक-दोन शिकलेल्या मुली आणि प्लॅन काढणारा माणूस पाठवावा. रात्री भाकरी झाल्यावर गाडीतळावर दोन तास बसलं तरी पुष्कळ कळेल.