ग्रंथालयाचे ऋण कसे फेडावे?

काही वर्षांपूर्वी दवाखान्याची जागा बदलताना माळ्यावरची दोन खोकी पुस्तके मी एका मराठी वाचनालयाला देऊन टाकली. दानाचे समाधान घेऊन निघणार, तोच वृद्ध ग्रंथपालांनी वरचे एक पुस्तक उघडून नम्रपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, पंचवीस वर्षांपूर्वीच्या या औषधशास्त्रावरून आपण आज रुग्णाला औषध लिहून द्याल का?" मी निरुत्तर झालो. माझ्या घरातील अडगळ मी त्यांच्या कपाटात हलवली होती, एवढेच.

त्या प्रसंगानंतर आपल्याच व्यवसायातील एका थोर लेखकाची आठवण मला वारंवार होऊ लागली. अंतोन चेकॉव्ह १८६० मध्ये रशियाच्या दक्षिणेकडील तागानरोग या बंदराच्या गावी जन्मला. वडिलांचे दुकान बुडाले आणि १८७६ मध्ये कुटुंब मॉस्कोला निघून गेले. शाळा पुरी करण्यासाठी सोळा वर्षांचा अंतोन मागे राहिला आणि शिकवण्या करून निर्वाह करू लागला. त्याच वर्षी गावात सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले होते. कर्जबाजारी घरातील या मुलाला तेथे उत्तमोत्तम ग्रंथ वाचावयास मिळाले. पुढे १८८४ मध्ये तो मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर झाला. लेखन तर त्याने विद्यार्थिदशेतच सुरू केले होते.

ग्रंथालय लेखक 'घडवते' असे आपण सहज म्हणतो. पण ते घडवते म्हणजे काय करते? ते शिकवत नाही, परीक्षा घेत नाही. शाळेत आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयात काय वाचावे हे दुसरे कोणी ठरवलेले असते. ग्रंथालयात मात्र मूल स्वतः निवडते. चुकीचे पुस्तक उचलते, परत ठेवते, दुसरे घेते. आवडनिवड, कंटाळा, कुतूहल यांची ही मोकळीक लेखकाच्या जडणघडणीतला पहिला धडा असतो, असे माझे मत आहे. ज्याच्या घरी पुस्तके नाहीत, त्याला ती दुसरीकडे मिळत नाही.

चेकॉव्हने हे ऋण ज्या रीतीने फेडले, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. कीर्ती मिळाल्यावर तो तागानरोगच्या ग्रंथालयाला वर्षानुवर्षे पुस्तके पाठवीत राहिला. अन्य लेखकांनी स्वाक्षरी करून भेट दिलेल्या प्रतीही त्याने तिकडे रवाना केल्या. १८९७-९८ च्या हिवाळ्यात क्षयाने ग्रासलेला असताना तो फ्रान्समधील नीस येथे राहिला होता. तेथूनही त्याने फ्रेंच साहित्याचे तीनशेहून अधिक खंड जमवून गावी धाडले. ग्रंथालयाबाबतचा त्याचा पत्रव्यवहार ज्या योर्दानोव्ह यांच्याशी चाले, तेही डॉक्टरच होते. आपल्या देणगीची वाच्यता करू नये, अशी त्याची त्यांना विनंती होती. माझ्या दोन खोक्यांची आठवण अशा वेळी मला शरमिंदा करते.

वडोदऱ्यात राहणाऱ्यांना तर उदाहरणासाठी रशियात जाण्याचेही कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळेत मिळालेली अक्षरओळख पुढे टिकवायची तर वाचावयास पुस्तक हवे, हेही त्यांनी ओळखले. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० मध्ये तेथील तज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये गावोगाव जाऊ लागली. वाचकाने ग्रंथालयापर्यंत यावे याची वाट न पाहता ग्रंथालयच वाचकाकडे गेले.

आज आपल्या वस्तीतील मराठी वाचनालयांत काय दिसते? सकाळी वृत्तपत्रे चाळणारे चार ज्येष्ठ, आणि दुपारनंतर कुलूप. आपली नातवंडे घरात मराठी बोलतात, शाळेत गुजराती अथवा इंग्रजी शिकतात. हिंदीमुळे त्यांना देवनागरी अक्षरे येतात. पण त्यांच्या वयाचे मराठी पुस्तक त्यांच्या हाती पडत नाही. "मोबाईलवर सर्व मिळते" असे सांगून आपण हात झटकतो. तेथे पुष्कळ मिळते हे मला मान्य आहे, परंतु शोधायचे काय हे ठाऊक असेल तरच. कपाटासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला न शोधलेले पुस्तकही सापडते. शिवाय दोन खोल्यांच्या घरातील विद्यार्थ्याला जी शांत खुर्ची हवी असते, ती कोणताही मोबाईल देऊ शकत नाही.

म्हणून आपल्या मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. माळा रिकामा करण्यापूर्वी ग्रंथपालांना काय हवे आहे याची यादी मागावी आणि त्यांतील पुस्तके नवी विकत घेऊन द्यावीत. मुलांसाठी मराठी पुस्तकांचे एक स्वतंत्र कपाट आणि संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडे ठेवणाऱ्या व्यक्तीचे मानधन, यांचा भार सभासदांनी वाटून घ्यावा. आणि महाराजांच्या फिरत्या पेटीचे स्मरण ठेवून प्रत्येक दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात वीस-पंचवीस पुस्तकांची एक पेटी ठेवावी, जी दर तीन महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात जाईल. काही पुस्तके परत येणार नाहीत, हे गृहीत धरावे. कोणाच्या तरी घरी ती वाचली जात असतील.

या उपक्रमातून चेकॉव्ह निर्माण होईल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. आपण लस टोचतो तेव्हा यांपैकी कोणते मूल पुढे मोठे नाव काढील, असे कुठे विचारतो? पुस्तकांच्या बाबतीतही तीच वृत्ती असावी. माझ्यापुरते सांगायचे तर त्या ग्रंथपालांकडून मी यादी आणली आहे आणि तिच्यातील पहिली दहा पुस्तके पोहोचती केली आहेत. यादी मोठी आहे. ती सभासदांनी वाटून घ्यावी, अशी विनंती आहे.