सोफ्यावर बसा की हो!

परवा खर्ड्याला जाऊन आलो. आमच्या घरी पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी दाखवायच्या, अशी रीतच आहे. आधी निंबाळकरांचा किल्ला, मग काकांचा चामड्याचा सोफा. किल्ल्यात निदान कुठेही बसता येतं. सोफ्यावर नाही! १७९५ च्या लढाईत निजाम त्या किल्ल्यात शिरला आणि तिथेच कोंडला गेला. आमचा सोफाही तसाच जाड प्लॅस्टिकच्या कव्हरात कोंडलेला आहे.

सोफा दिसायला साधाच. बारीक सागवानी पाय, सरळ पाठ, तपकिरी चामडं, नक्षी कुठेच नाही. मुंबईतल्या एका ऑफिसचं जुनं सामान निघालं तेव्हा काकांनी घेतला. डेन्मार्कच्या बोर्गे मोगेनसेननं १९६२ साली अशाच धाटणीचा एक सोफा केला होता, तोही स्वतःच्या घरासाठी. रोज बसायचं, वापरून वापरून चामड्याला रंग चढू द्यायचा, अशी ती वस्तू. आणि आम्ही? आम्ही तिला गुंडाळून ठेवली.

आत्या, रागावू नकोस, पण प्लॅस्टिकनं सोफा 'राहत' नाही. चामडं म्हणजे कातडीच. पावसाळ्यात कव्हराखाली ओल धरते आणि बुरशी येते. यंदा मागच्या बाजूला आलीच आहे. उन्हाळ्यात खिडकीतून थेट ऊन पडतं, चामडं सुकतं आणि तडकतं. त्यावर घरचा उपाय काय, तर खोबरेल तेल! तेलानं चार दिवस चकाकतं, मग डाग काळे पडतात, धूळ चिकटते, खवट वास येतो. दादानं तर एकदा बुटाचं पॉलिश लावलं होतं. पुढच्या लग्नात कोणाकोणाच्या पांढऱ्या लेंग्यांना ते लागलं, हे सगळ्यांना आठवत असेलच.

करायचं ते फार थोडं आहे. आठवड्याला कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसा. डाग पडला तर लगेच टिपा, घासू नका. कधीतरी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसा, साबण नको. वर्षातून एकदोनदा चामड्याचं क्रीम, तेही आधी मागच्या कोपऱ्यात लावून बघून. उन्हापासून लांब ठेवा. आणि मुख्य म्हणजे, बसा!

"त्यापेक्षा रेक्झिनचा घ्यावा, पुसायला सोपा," असं वहिनी म्हणते. पुसायला सोपा, खरं आहे. पण रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला थर. एकदा त्याचे पापुद्रे निघायला लागले की दुरुस्ती नाही. चामड्याची शिवण उसवली तर परत घालता येते.

ती घातलीही गेली होती, आणि खरं बोलायचंय ते इथेच. मी लहान असताना एका बाजूची शिवण उसवली. गावातले एक चर्मकार आजोबा आले. दिवसभर जमिनीवर बसून त्यांनी टाके घातले. मशीनचे वाटावेत असे! काम झाल्यावर चहा आला, तो वेगळ्या कपात, उंबऱ्याबाहेर. त्या चामड्याची जात त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होती, पण "बसून बघा, नीट झालंय का," असं त्यांना कोणी म्हटलं नाही. मीही नाही. लहान होतो, ही सबब आहे, पण कपाचा फरक मला तेव्हाही कळला होता.

आपल्याकडे हे जुनंच आहे. विहिरीवर कातड्याची मोट चालायची, तिचं पाणी सगळ्या शिवाराला चालायचं. ज्यांनी कातडं कमावलं, मोट शिवली, त्यांना मात्र त्याच विहिरीला हात लावायची बंदी. पाणी बाटलं नाही, माणूस तेवढा बाटलेला. आता सोफ्याला आपण 'प्युअर लेदर' म्हणतो आणि पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो. इंग्रजीत म्हटलं की चामडं सोवळं होतं वाटतं!

असो. यावेळी मी कव्हर कापून काढलं. आई दोन दिवस बोलली नाही. आजोबा आता नाहीत, त्यांचा मुलगा बसस्टँडजवळ दुकान चालवतो. बुरशी दाखवायला त्याला घरी बोलावलं. तो सवयीनं खालीच बसायला लागला. मी म्हटलं, "वर बसा." तो बसला, जरा अवघडून, अगदी कडेला. चहा एकाच ट्रेमधून आला.

तिसऱ्या दिवशी आई सोफ्यावर बसून शेंगा सोलत होती.