पोच

वारज्यात गणपती माथ्याजवळच्या आमच्या सोसायटीपासून बँकेपर्यंत चालत जायला मला बारा मिनिटे लागतात. शेजारच्या काकूंना पंचवीस लागतात, कारण गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. गेल्या उन्हाळ्यात एनडीए रस्त्यावरच्या रहदारीतून वाट काढत आम्ही दोघांनी त्या शाखेत चार खेटे घातले. काका जाऊन दोन महिने झाले होते. बचत खात्यातली थोडी पेन्शन आणि एक मुदत ठेव, एवढाच काय तो व्यवहार. पासबुकाच्या पहिल्या पानावर ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ असे छापलेले होते आणि खाली काकूंचे नाव होते.

पहिल्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने मृत्यूचा दाखला पाहिला आणि सांगितले, “वारस दाखला लागेल काकू. कोर्टातून आणा.” दुसऱ्या खेपेला दुसरे गृहस्थ होते. ते म्हणाले, वारस दाखला नको, पण तिन्ही मुलांचे संमतीपत्र पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर आणा. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. “उद्या या.” दर वेळी काकूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले, काउंटरवर मांडले आणि पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवले. तीन खेपांत त्यातल्या एकाही कागदावर बँकेचा शिक्का उमटला नाही.

मी एकतीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला काढली आहेत. मी बोलायला पुढे झालो की काकू माझी बाही ओढत. “राहू द्या हो भाऊ. साहेब लोक चिडले तर काम आणखी अडेल.” आयुष्यभर ज्या बँकेत पैसे ठेवले, तिथे आपलेच पैसे मागताना या बाईला भीती वाटत होती. काकूंचे ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. माझ्या काउंटरपुढेही अशीच किती माणसे गप्प उभी राहिली असतील, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो. ‘उद्या या’ मीही म्हटले आहे, अनेकदा, आणि त्यातल्या बहुतेक वेळा कारण न सांगता.

बँकेत काम करणाऱ्या वाचकांना नियम समजावून सांगण्याची गरज नाही, तरी एकदा उजळणी करू. नॉमिनी असेल तर रक्कम कितीही असो, वारस दाखला, प्रोबेट किंवा हमीपत्र मागू नये आणि दावा १५ दिवसांत निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेने जून २००५ मध्येच सांगितले. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी तीच १५ दिवसांची मुदत कायम ठेवून उशिराची किंमतही ठरवली: ठेवीच्या दाव्यात बँकेमुळे विलंब झाला, तर बँक दर अधिक ४ टक्के वार्षिक दराने भरपाई. अंमलबजावणीची अखेरची तारीख होती ३१ मार्च २०२६. काउंटरवरच्या माणसाला उद्या वारस भांडले तर काय, ही धास्ती असते. ती मी समजू शकतो. पण नॉमिनी वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून पैसे घेतो आणि त्याला रीतसर पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते, हे संरक्षण कायद्यानेच दिलेले आहे.

मग नियम असून काकू चार वेळा का चालल्या? ग्राहकसेवेवर १९७५ मध्ये तलवार समिती नेमली गेली, १९९० मध्ये गोईपोरिया, २०१० मध्ये दामोदरन, २०२२ मध्ये कानुनगो. जवळजवळ पन्नास वर्षे आपण शिफारशी गोळा करतो आहोत. माझ्या मते अडचण एका लहानशा जागी आहे. पंधरा दिवसांचे घड्याळ सुरू होते ते दावा आणि कागद मिळाल्याच्या तारखेपासून. कागद घेतलेच नाहीत, पोच दिलीच नाही, तर तारीखच पडत नाही आणि घड्याळ सुरूच होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे तर आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी आणि ३० दिवस थांबायला हवे. तोंडी परत पाठवलेल्या माणसाकडे दाखवायला काहीच नसते. शाखेची तक्रारवही कोरी राहते, विभागीय कार्यालय समाधानी राहते आणि काकू उन्हातून घरी जातात.

पोच ही काही नवी कल्पना नाही. ग्राहकाने काउंटरवर चेक दिला तर पोच नाकारू नये, ड्रॉप बॉक्सकडे बोट दाखवू नये, हा नियम जुना आहे. नॉमिनेशन फॉर्मची पोच द्यावी लागते. १५जी आणि १५एच फॉर्मची पोच द्यावी, असे २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले गेले. ही तीन कामे पोचेशिवाय होऊ नयेत असे आपण मानतो, तर दावा, केवायसीचे कागद, पत्ता बदलाचा अर्ज पोचेशिवाय का व्हावेत?

आपली, बँक कर्मचाऱ्यांची, बाजूही खरी आहे. चारांपैकी दोन काउंटरवर माणूस नसतो, सर्व्हर दुपारी बसतो, वरून विम्याच्या टार्गेटचा फोन येत राहतो. पुरेशी भरती करा, या मागणीसाठी संघटनांनी मार्च २०२५ मध्ये संपाची हाक दिली होती, ती उगाच नाही. परप्रांतातून बदलून आलेल्या तरुणाला काकूंचे मराठी समजत नाही आणि फॉर्म मराठीतही असावेत, या नियमाकडे शाखा काणाडोळा करते. हे सगळे मान्य करूनही सांगतो, की पोच द्यायला जादा माणूस लागत नाही. शिक्का, तारीख, सही: अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

म्हणून प्रत्येक शाखेला तीन गोष्टी सुचवतो. एक, काउंटरवर आलेला कागद शिक्का मारूनच घ्यायचा. दोन, कागद अपुरे असतील तर काय हवे त्याची पूर्ण यादी मराठीत, एकदाच, लिहून द्यायची आणि खाली देणाऱ्याचे नाव घालायचे. त्या यादीबाहेरचा कागद पुढच्या खेपेला मागायचा नाही. तीन, एक साधी वही ठेवायची: आज कोणाला, कोणत्या कामासाठी, का परत पाठवले. शाखेच्या ग्राहक सेवा समितीची बैठक दर महिन्याला घ्यायची असते आणि तिच्यात शक्यतो ज्येष्ठ नागरिक असावा, असेही सांगितलेले आहे. ती बैठक कागदावर न उरकता खरोखर घ्या आणि तिथे ही वही वाचा. ‘सर्व्हर बंद’, ‘माणूस नाही’ अशा नोंदी महिनाभर साठल्या, तर वरिष्ठांपुढे ठेवायला तुमच्या हाती लेखी पुरावा असेल. ग्राहकाचा त्रास ज्या वहीत नोंदला जाईल, तीच वही तुमचीही कैफियत मांडेल.

चौथ्या खेपेला काउंटरवर नुकताच बदलून आलेला एक मुलगा होता. मराठी मोडकेतोडके. त्याने काकूंना खुर्ची दिली, पासबुकाचे पहिले पान पाहिले, एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या आणि एकेका कागदापुढे बरोबरची खूण केली. चौथा कागद, काकूंच्या आधारची प्रत, कमी होता. तो त्याने स्वतः झेरॉक्स करून घेतला. मग दाव्याच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारून, तारीख घालून ती काकूंच्या हातात दिली. “आता तुम्ही यायचं नाही, काकू. मी फोन करतो.” अकराव्या दिवशी पैसे काकूंच्या खात्यात जमा झाले.

मराठीत ‘पोच’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शिक्क्याचा कागद आणि दुसरा माणसाची जाण. ज्याला पोच आहे तो पोच देतो, हे त्या मुलाने आम्हाला वारज्यात दाखवले. तो शिक्क्याचा कागद काकूंनी पासबुकात अजून जपून ठेवला आहे.