स्फुट गद्याचे वक्तृत्व: एका उपेक्षित अभ्यासविषयाचे समर्थन

नियतकालिकांतील प्रसंगोपात्त गद्य, म्हणजे अग्रलेख, स्फुटे, वाचकांची पत्रे, साप्ताहिक सदरे आणि त्यांवरची उत्तरे-प्रत्युत्तरे, हा विद्यापीठीय अभ्यासाचा स्वतंत्र विषय होऊ शकत नाही, अशी समजूत अभ्यासकांच्या एका वर्गात घट्ट रुजलेली आहे. तिच्या समर्थनार्थ साधारणतः चार आक्षेप घेतले जातात: हे लेखन अल्पजीवी असल्याने त्याला वाङ्मयीन मोल नसते; ते मन वळवण्यासाठी लिहिलेले असल्याने त्याचा अभ्यास म्हणजे प्रचारतंत्राची तालीम ठरते; त्याचा जो अभ्यास व्हायचा तो वाङ्मयेतिहासात झालेलाच आहे; आणि त्यातील बराचसा भाग भाषेचे शालेय संस्कार नसलेल्यांनी लिहिलेला असल्याने तो अभ्यासाच्या मापाला उतरत नाही. या चारही आक्षेपांत सत्याचा काही अंश आहे, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट वाचकाला एखादी गोष्ट पटवण्यासाठी लेखक भाषेची, युक्तिवादाची आणि स्वतःच्या प्रतिमेची जी योजना करतो तिला येथे वक्तृत्व म्हटले आहे. मराठी स्फुट गद्याच्या या वक्तृत्वाचा अभ्यास मराठी विभागांनी आवर्जून हाती घ्यावयास हवा, आणि त्याचा आरंभ रत्नागिरीसारख्या ठिकाणी होणे सर्वथा उचित ठरेल.

अल्पजीवित्वाचा पहिला आक्षेप मान्य केला, तर आधुनिक मराठी गद्याचा पायाच अभ्यासाबाहेर ठेवावा लागेल. बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले हे गाव १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेले ‘दर्पण’ आठ वर्षे चालून बंद पडले. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ हे १८७४ मध्ये निघालेले मासिक होते. तिचे ८४ अंक प्रसिद्ध झाले आणि त्यांतील काही अंकांचे लेखन शास्त्रीबुवा रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक असताना झाले. यांपैकी जे लेखन आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहे ते अभिजात मानले जाते, पण लिहिताना ते पुढचा अंक निघण्यापूर्वी वाचले जावे एवढ्याच हिशेबाने लिहिलेले होते. अमेरिकन अभ्यासक लॉइड बिट्झर यांनी १९६८ मध्ये वक्तृत्वप्रसंगाची जी संकल्पना मांडली, तिचा आशय असा की एखादी निकड, ती दूर करू शकणारा वाचक आणि लेखकावरील बंधने या तिहींतून लेखन आकाराला येते. या दृष्टीने अल्पजीवित्व हे रचनेचे कारण ठरते, कारण मागचा अंक वाचकाच्या स्मरणात आहे असे गृहीत धरूनच लेखक पुढचे वाक्य लिहितो. ‘दर्पण’च्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापला जाई, म्हणजे एकाच वेळी एतद्देशीय वाचक आणि इंग्रज राज्यकर्ता या दोघांना उद्देशून लेखन होत असे; ही द्विमुखी योजना समजून घ्यावयाची तर तो अंक आणि तो प्रसंग समोर ठेवल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा आक्षेप वक्तृत्वाला लबाडीच्या पंक्तीला बसवतो. वास्तविक भारतीय परंपरेने हा भेद फार पूर्वीच केलेला आहे: सत्यनिर्णयासाठी केलेली चर्चा तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष नुसता उडवून लावणे ती वितंडा, असे न्यायसूत्रांचे वर्गीकरण आहे. कोणता लेख कोणत्या वर्गात बसतो हे ठरवावयाचे, तर लेखाची बांधणी उकलून पाहावी लागते, म्हणजे आक्षेपकाला जे टाळावयाचे आहे तेच करावे लागते. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’तील १८९७ च्या अग्रलेखाचे ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे शीर्षक सर्वांच्या परिचयाचे आहे, पण त्याची कारागिरी क्वचितच तपासली जाते. डोके ठिकाणावर असणे हा वडीलधाऱ्याने घरातल्या बेताल माणसाला सुनवावे अशा धाटणीचा वाक्प्रचार आहे, आणि तो सरकारला लावताच राज्यकर्ता व प्रजा यांच्यातील उतरंड वाचकाच्या मनात उलटी होते. वाक्य प्रश्नार्थक असल्याने लेखकाने विधान असे काहीच केलेले नसते. उत्तर वाचक देतो आणि स्वतः दिलेल्या उत्तराला तो बांधला जातो.

या गद्याचा बारकाईने अभ्यास करण्याजोगे काही नाही असे इंग्रज सरकारला मात्र कधी वाटले नाही. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश सरकारी भाषांतर खात्यामार्फत नियमितपणे तयार होत. १८९७ चा राजद्रोहाचा खटला ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातील मजकुरावर चालला, तर १९०८ च्या खटल्यात ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख पुढे करण्यात आले. नऊ ज्यूरर्सपैकी सात युरोपियन होते, लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून ठेवले गेले, आणि त्या भाषांतराने मूळ लेखनाचा सूर बिघडवला आहे अशी तक्रार टिळकांनी न्यायालयात सविस्तर मांडली. लेखकाचा हेतू शब्दांतून कसा ओळखावा, उपरोध आणि चिथावणी यांतली रेषा कोठे ओढावी, असे वक्तृत्वशास्त्राचे अगदी मूलभूत प्रश्न तेथे चर्चिले गेले, आणि त्यांच्या निकालावर सहा वर्षांची शिक्षा अवलंबून होती. ज्या गद्याची चिकित्सा शिक्षेसाठी झाली त्याची चिकित्सा ज्ञानासाठी होऊ नये, या आग्रहाला कोणताही तात्त्विक आधार देता येत नाही.

अभ्यास झालेलाच आहे, हा तिसरा आक्षेप अर्धसत्य आहे. वाङ्मयेतिहासाने कोणी, केव्हा, काय लिहिले याची नोंद चोख ठेवली. ते कसे पटवले गेले हा प्रश्न मात्र बहुधा शैलीविषयीच्या दोन-चार विशेषणांवर सोडून दिला. ज्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे होते त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी आणि ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाले, हे पाठ्यपुस्तकांतही सापडते. परंतु पहिल्याच्या शिरोभागी तुकारामांचा अभंग आणि दुसऱ्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या का असाव्यात, हा वक्तृत्वाचा प्रश्न आहे. ज्या परंपरेच्या नावाने बहिष्कार लादला गेला, तिच्याच सर्वमान्य संतवाणीला साक्षीदार म्हणून उभे केले, म्हणजे प्रतिपक्षाला साक्ष नाकारणे अवघड होते. आणि त्याच पानावर संपादक स्वतःच्या नव्या, निर्भीड आवाजात बोलू लागतो.

याहून वेगळे उदाहरण रत्नागिरीतच घडले. १९२४ मध्ये सुटका होताना वि. दा. सावरकरांवर रत्नागिरी जिल्ह्यातच राहण्याची आणि राजकारणात भाग न घेण्याची अट होती, आणि १९३७ पर्यंत ते या बंधनाखाली राहिले. ‘किर्लोस्कर’ मासिकातील त्यांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध या काळातले आहेत. राजकीय प्रतिपक्षाविरुद्ध उघड लिहिण्याची मुभा नसलेला लेखक रूढी, पोथी आणि जातिनिर्बंध यांना प्रतिपक्ष करून कसा लिहितो, वाचकाला चिडवून विचार करायला कसा भाग पाडतो, आणि ज्यांना हे विचार मान्य नाहीत त्यांच्याशी त्याच गावात राहून कसा वाद घालतो, हे तपासण्यासाठी त्यांच्या मतांशी सहमत असणे वा नसणे आवश्यक नाही. बंधन हा बिट्झर यांच्या संकल्पनेतील तिसरा घटक येथे नुसत्या डोळ्यांना दिसतो.

चौथा आक्षेप भाषेच्या संस्काराचा असून तोच सर्वांत घातक आहे. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त वक्तृत्वावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि त्याच मालेत महात्मा फुले यांच्या लेखनाची, विशेषतः त्यांच्या व्याकरणाची व भाषेची, यथेच्छ टवाळी केली. टवाळीचे हे तंत्र स्वतःच अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यात आशयाला उत्तर देण्याऐवजी बोलणाऱ्याची बोलण्याची पात्रताच काढून घेतली जाते. शुद्धतेची अट प्रवेशद्वारावर लावणारा अभ्यास फुल्यांचा ग्रंथ उघडणारच नाही, आणि म्हणून बोलीतील संवाद, नेमस्तांना रुचणार नाही असा थेटपणा आणि प्रत्यक्ष व्यवहारातील दाखले यांतून त्यांनी आपल्या वाचकाला कसे जिंकले, हे त्याला कधीच कळणार नाही. व्याकरणाचा निकष निरर्थक नाही, परंतु तो पटवण्याच्या सामर्थ्याचा निकष नव्हे.

खंडनानंतर मंडनाची जबाबदारी उरते, आणि ती पद्धतीच्या स्वरूपातच पार पाडली पाहिजे. कोणत्याही स्फुट लेखाला चार प्रश्न विचारता येतात: तो कोणत्या निकडीतून लिहिला गेला, लेखकाने स्वतःची कोणती प्रतिमा उभी केली, वाचक कोण आहे असे त्याने गृहीत धरले, आणि पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, त्याने कितपत प्रामाणिकपणे मांडले. यांतील शेवटचा प्रश्न नैतिक कसोटीचाही आहे, कारण प्रतिपक्ष दुबळा करून मग तो पाडणे हा जल्पाचा नेहमीचा मार्ग असतो. या पद्धतीने सगळेच स्फुट लेखन थोर ठरणार नाही, ठरूही नये. त्यातील बहुतांश सामान्य निघेल, पण ते सामान्य का, हेही सकारण सांगता येईल.

साधने दूर शोधावयास नकोत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासूनचे. अशा संस्थांच्या आधाराने पदव्युत्तर वर्गाला जिल्ह्यातील नियतकालिकांचे एकेक वर्ष वाटून देऊन, एकाच स्थानिक प्रश्नावरचे अग्रलेख व वाचकांची पत्रे या चार प्रश्नांनी तपासून घेणे, हा एका सत्राच्या आवाक्यातला प्रकल्प आहे. आज छापखाना आणि संपादक यांना वगळून पडद्यावर रोज जे मराठी गद्य लिहिले जाते त्यालाही हेच प्रश्न लागू पडतात. फरक इतकाच की तेथे उत्तर अंकाची वाट न पाहता तासाभरात येते, आणि त्यामुळे जल्प व वितंडा यांना अधिक वाव मिळतो. पटवण्याची विद्या आत्मसात केलेले लोक ती वापरणारच. ती ओळखण्याचे शिक्षण वाचकाला द्यावयाचे की नाही, एवढाच निर्णय विद्यापीठांच्या हाती आहे, आणि मराठीच्या अभ्यासक्रमात या विषयाची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवणे हे त्या निर्णयाचे किमान रूप होय.