दात मोजा, इंग्रजी शिका

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी परीक्षा जवळ आली की आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या कित्येक अम्मी म्हणतात, "आम्हाला इंग्रजी येत नाही, उजळणी कशी घेणार?" विज्ञानातला शरीराचा धडा घ्या, व्याकरणही त्यातच होईल.

मुलं "टू टूथ" का म्हणतात? मराठीत एक दात, दोन दात. उर्दूतही एक दाँत, दो दाँत. शब्द बदलतच नाही. इंग्रजीत मात्र टूथचं टीथ, फूटचं फीट होतं. मगरिबनंतर आरसा देऊन दात मोजायला लावा. दुधाचे २०, मोठेपणी ३२.

मग छातीवर हात ठेवायला सांगा. हृदय एक, म्हणून "द हार्ट बीट्स". क्रियापदाला "स" लागतो. मूत्रपिंडं दोन, म्हणून "किडनीज क्लीन ब्लड"; इथे "स" नामाला लागला, क्रियापदाचा गेला.

दिल, हृदय, हार्ट. गुर्दा, मूत्रपिंड, किडनी. नावं तिन्ही भाषांत म्हणवून घ्या. दवाखान्यातही कामी येतील.

रक्ताचा धडा आला की सिकलसेलबद्दल जरूर बोला. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार आहे. त्यात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात. तो आईवडिलांकडून येतो, सोबत बसल्याने किंवा जेवल्याने नाही. अशा मुलाला वरचेवर पाणी प्यावं लागतं, अंग दुखतं. त्याची चेष्टा करायची नाही, हेही उजळणीतच सांगा.

प्रश्न तुम्ही विचारा, उत्तर मूल देईल. पुस्तक मात्र उघडं तुमच्या हातात असू द्या.